‘बॅटरी लाइटीवर लावतोय की!’

गेल्या हिवाळ्यात वाळवा तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शनाची परीक्षक म्हणून गेले होते. मंडपात नेहमीचाच माल होता: खायच्या सोड्याचा ज्वालामुखी, ठिबक सिंचन, थर्माकोलचं स्मार्ट गाव. एका बाकाभोवतीची गर्दी मात्र हटेना. नववीतल्या एका मुलाने खेळण्यातल्या जीपवर प्लॅस्टिकची बाटली बांधली होती. बाटलीत सोडा घातलेलं पाणी, पाण्यात स्टीलचे दोन चमचे, चमच्यांना वायरी आणि वायरी बारा व्होल्टच्या बॅटरीला. चमच्यांवर बुडबुडे फुटत होते, जीप गोल गोल फिरत होती. मागे पुठ्ठ्यावर रंगीत अक्षरांत लिहिलं होतं: ‘भविष्यातील इंधन – पाणी’.

“बॅटरी संपली की काय करतोस?”

“मग लाइटीवर लावतोय की, मॅडम.”

“आणि जीपची मोटर कशावर फिरते?”

पोराने वायर बोटाने चाचपली, बॅटरीपर्यंत आला आणि थांबला. “हिच्यावरच की,” म्हणाला. बुडबुड्यांची नळी जीपच्या पोटात शिरून तिथेच संपली होती.

माझे जोडीदार परीक्षक निवृत्त मुख्याध्यापक, सज्जन माणूस. त्यांनी त्याला पहिला नंबर दिला. मी कुरकुर केली तेव्हा म्हणाले, “पोराला नाउमेद करू नका. विमानालाही लोक हसलेच होते. आज कल्पना आहे, उद्या खरं होईल.” मी सही केली आणि मिरजेपर्यंत एसटीत स्वतःवरच चिडत बसले.

चीड मुलाची नव्हती. त्याने दोन प्रश्नांची सरळ, खरी उत्तरं दिली होती. राग आला तो हे प्रश्न त्याला तोवर कुणीच विचारले नव्हते याचा. वर्गशिक्षकांनी नाही, तालुक्याला निवड करणाऱ्यांनी नाही. ‘भविष्यातील’ हा शब्द पुठ्ठ्यावर आला की आपण मोठी माणसं हिशोबाची वही मिटून टाकतो. एरवी उसाच्या काट्यावर दहा किलोसाठी भांडणारे आपण!

तो हिशोब असा. एक लिटर पाण्यातला हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळा करायला किमान ४.४ युनिट ऊर्जा लागते. सुटलेला सगळा हायड्रोजन पुन्हा जाळला की परत मिळतात तेवढेच ४.४ युनिट, आणि तेही उष्णतेच्या रूपात. इंजिनात जाळला तर चाकापर्यंत त्यातले जेमतेम चौथा-तिसरा हिस्सा पोचतात. म्हणजे चार घालून एक काढायचा धंदा. पाणी म्हणजे हायड्रोजन जळून उरलेली राख. चुलीतल्या राखेवर भाकरी भाजत नाही, मग ती राख ओली आहे म्हणून का भाजावी? हायड्रोजनवर गाड्या चालतात, खऱ्या चालतात, पण तिथे हायड्रोजन हा वीज साठवायचा डबा आहे. डबा कुणीतरी आधी भरावा लागतो. पोराच्या भाषेत, लाइटीवर लावावा लागतो.

विज्ञानकथांमधल्या यंत्रांबद्दल आपल्याकडे तीनच प्रतिक्रिया ऐकू येतात. एक, ‘वा! उद्या होणारच.’ दुसरी, ‘हॅ, हे काय शक्य आहे?’ आणि तिसरी, ‘आपल्याकडे हे पूर्वीच होतं.’ तिन्ही म्हणणारे एकमेकांशी तावातावाने भांडतात, पण तिघांचाही आळस एकच: पेन्सिल कुणीच हातात घेत नाही. माझं म्हणणं एवढंच की कल्पनेचा मान राखायचा तर तिला ‘किती?’ विचारलं पाहिजे. किती ऊर्जा, किती वजन, किती वेळ, किती पैसे. हा प्रश्न कल्पनेचे पंख छाटतो असं मुख्याध्यापकांसारख्या भल्या माणसांना वाटतं. इतिहास नेमका उलट आहे.

ज्यूल व्हर्नने १८६५ साली कादंबरीत माणसं चंद्राकडे धाडली ती तोफेतून. तोफ ९०० फूट लांब. पृथ्वीचं ओढणं तोडायला सेकंदाला ११.२ किलोमीटरचा वेग लागतो आणि तो ९०० फुटांच्या आत गाठायचा. नववीचं सूत्र घाला: प्रवाशावर त्याच्या वजनाच्या सुमारे तेवीस हजार पट जोर येतो. सत्तर किलोचा माणूस सोळाशे टनांचा होतो, म्हणजे तोफेच्या तळाशी त्याची चटणी. कल्पना साफ बाद. पण रशियात कलुगा गावातल्या त्सिओल्कोव्स्की नावाच्या, जवळजवळ ठार बहिऱ्या शाळामास्तराच्या डोक्यात व्हर्नने बी पेरलं होतं, आणि हा मास्तर आकडेमोड करणारा निघाला. एकदम धक्का नको, थोडं थोडं इंधन मागे फेकत वेग वाढवू, असं म्हणत त्याने अवकाशात जाणाऱ्या रॉकेटचं गणित मांडलं. ते छापून आलं १९०३ साली. आज श्रीहरिकोट्याहून जे सुटतं ते त्याच समीकरणावर. त्याने नुसत्या टाळ्या वाजवल्या असत्या तर आपण अजून लांब लांब तोफाच ओतत बसलो असतो.

हिशोब केला की काही कल्पना पडतात. पडू द्याव्यात. माणसाला इथे ‘विरघळवून’ तिथे उभं करायचं यंत्र घ्या. क्वांटम टेलिपोर्टेशन ही गोष्ट खरी आहे. १९९३ साली सिद्धान्त आला, १९९७ साली प्रयोग झाला, २०१७ साली चीनच्या उपग्रहाने १४०० किलोमीटरपर्यंत तो करून दाखवला. पण तिथे जाते ती एका कणाच्या स्थितीची माहिती. कण जात नाही. मूळ स्थिती त्यात पुसली जाते आणि सोबत साधा, प्रकाशाच्या वेगाने जाणारा निरोपही धाडावाच लागतो. माणसाच्या अंगात अणू किती? सातावर सत्तावीस शून्यं. सेकंदाला शंभर कोटी अणूंची नोंद घ्यायची म्हटली तरी यादी पुरी व्हायला २२० अब्ज वर्षं लागतील. विश्वाचं वय १३.८ अब्ज. तेव्हा पुण्याला जायला स्वारगेटची गाडीच बरी.

पण काही कल्पना हिशोबातून वेगळंच रूप घेऊन बाहेर येतात आणि ते रूप आपल्या दारात येऊन उभं राहतं. प्रतिद्रव्य, म्हणजे साध्या द्रव्याची उलट्या विद्युतभाराची जुळी आवृत्ती, हे त्यातलं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण. विज्ञानकथांमधली अंतराळयानं याच इंधनावर पळतात. एक ग्रॅम प्रतिद्रव्य एक ग्रॅम साध्या द्रव्याला भेटलं की दोघंही नाहीशी होतात आणि जी ऊर्जा सुटते ती कोयनेच्या १९६० मेगावॉटच्या सगळ्या जनित्रांनी पंचवीस तास पूर्ण ताकदीने फिरून केलेल्या विजेएवढी. दोन ग्रॅम म्हणजे चिमूटभर हळद! ऐकूनच तोंडाला पाणी सुटतं. मग दुसरा आकडा येतो: जगभरच्या प्रयोगशाळांनी आजवर बनवलेलं सगळं प्रतिद्रव्य गोळा केलं तर भरेल काही नॅनोग्रॅम, आणि ते बनवायला त्यातून मिळेल त्याच्या कैक पट वीज जाळलेली. खाण कुठेच नाही, म्हणून इंधन म्हणून बाद. पुन्हा तोच डबा, पुन्हा तीच बॅटरी.

तरीही माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या अंगात चार वर्षांपूर्वी प्रतिद्रव्य खेळलं. पुण्याला त्यांचं पेट स्कॅन झालं तेव्हा. त्या तपासणीत किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर शिरेतून देतात. गाठीच्या पेशी हावरट, साखर जास्त ओढतात. तो फ्लोरिन पॉझिट्रॉन सोडतो. पॉझिट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉनचा प्रतिकण. जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटून दोघं नष्ट होतात आणि दोन गॅमा किरण बरोबर उलट दिशांना सुटतात. दोन्ही बाजूंचे शोधक एकाच क्षणी वाजले की त्या रेषेवर कुठेतरी गाठ आहे हे कळतं. अशा लाखो रेषा एकमेकींवर घातल्या की चित्र उमटतं. जाऊबाईंना मी हे समजावून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणजे माझ्या पोटात बाँब फुटले म्हण की!” फुटलेच, पण एकेका कणाचे.

या औषधाचं अर्धायुष्य ११० मिनिटं. पुण्यातून गाडी निघाली तर साताऱ्यात पोचेपर्यंत ते निम्मं उरतं आणि मिरजेत पोचेपर्यंत पाव. ते बनवणारं यंत्र, सायक्लोट्रॉन, किती अंतरावर आहे, रस्ता कसा आहे, टोलनाक्यावर रांग किती आहे, यावर इथल्या पेशंटची तपासणी ठरते. ‘भविष्यातलं तंत्रज्ञान’ म्हणतात ते प्रत्यक्षात असं असतं. त्यात भौतिकशास्त्र जेवढं, तेवढाच पुणे-बंगळूर रस्त्यावरच्या खड्ड्यांचा हिशोब.

आता पावसाकडे येते, कारण आमच्या सांगली जिल्ह्यात कल्पनेचा सगळ्यात मोठा बाजार पावसाचाच. पूर्वेकडे, ढालगाव, कवठेमहांकाळच्या पट्ट्यात पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्याच्या मागेपुढेच २००३ चा दुष्काळ पडला. पाती ढग हाकलतात, असं लोक ठामपणे सांगू लागले. साताऱ्याकडेही हेच ऐकलं. माझ्या मामांनी तर मला पठारावर नेऊन दाखवलं होतं: “बघ, ढग येतंय, पात्याला लागतंय आणि फाटतंय.” मामांना वेड्यात काढणं सोपं होतं, आणि सुशिक्षितांनी बहुतेक तेच केलं. पण दावा मोजण्यासारखा होता. चक्कीचा मनोरा पन्नास ते ऐंशी मीटर. पावसाळी ढगाचा तळ बहुधा अर्धा-एक किलोमीटर वर आणि माथा त्याच्याही कित्येक किलोमीटर वर. बाष्प घेऊन येणारा वारा दोन-तीन किलोमीटर जाडीचा. त्याच्या तळपायाला चक्क्या गुदगुल्या करणार. महाबळेश्वरात पाच-साडेपाच हजार मिलिमीटर आणि जत-आटपाडीत त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, ही पर्जन्यछाया सह्याद्रीची आहे आणि चक्क्यांच्या कितीतरी आधीची. चक्क्यांचा हवेवर काहीच परिणाम होत नाही असंही नाही. रात्री जमिनीलगतची हवा ढवळली जाऊन तापमानात बारीक फरक पडतो, हे उपग्रहांच्या मोजमापात दिसलं आहे. पण ‘बारीक फरक’ आणि ‘पाऊस पळवला’ यांच्यात कोसांचं अंतर आहे, आणि ते फक्त आकड्यांत दिसतं. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आला तेव्हाही लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी तो घेत नव्हते, असं सांगतात. भीतीलाही ‘किती?’ विचारावं लागतं, नुसत्या स्वप्नालाच नाही.

पाऊस पळवण्याची उलटी बाजू म्हणजे पाऊस पाडणं. दुष्काळ आला की कृत्रिम पावसाची घोषणा होते. २००३, २०१५, २०१९. विमान उडतं, फोटो छापून येतात. मेघबीजनामागे, म्हणजे ढगात कण पेरून पाऊस पाडण्यामागे, विज्ञान खरं आहे. १९४६ साली अमेरिकेत शेफरने कोरडा बर्फ टाकून ढगात हिमकण तयार करून दाखवले आणि पाठोपाठ सिल्व्हर आयोडाइडची युक्ती सापडली. उष्ण ढगांत मिठासारखे पाणी ओढणारे कण सोडतात, थेंब जाड होतात आणि पडतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने सोलापूरला २०१८-१९ मध्ये काळजीपूर्वक प्रयोग केला, त्यात सुमारे १८ टक्के वाढ मिळाल्याचा त्यांचा निष्कर्ष आहे. १८ टक्के कशाच्या? ढग मुळात असेल तर पडणाऱ्या पावसाच्या. कोरड्या आभाळाच्या १८ टक्के म्हणजे शून्य.

आणि ढगच बनवू म्हणणाऱ्यांसाठी हा हिशोब. आमच्याकडे लहान पोरसुद्धा टीएमसीत, म्हणजे शंभर कोटी घनफुटांत, बोलतं. एक टीएमसी पाण्याची वाफ करायला जी ऊर्जा लागते ती पुरवायची तर सबंध कोयना प्रकल्प पूर्ण क्षमतेने एक वर्ष आणि वर महिना-दीड महिना चालवावा लागेल. एका टीएमसीला! हे काम सूर्य अरबी समुद्रावर रोज फुकटात करतो, म्हणून आपल्याला त्याची किंमत कळत नाही. त्याच्याशेजारी दुसरा आकडा ठेवा: तेच एक टीएमसी पाणी शंभर मीटर उंच उचलायला किमान ७७ लाख युनिट, पंपांची तूट धरली तर कोटीभर. ढग बनवण्याच्या मानाने हे चिल्लर आहे. म्हैसाळ, ताकारी, टेंभूच्या उपसा सिंचन योजना याच चिल्लरीवर उभ्या आहेत आणि त्यांची वीजबिलं थकतात ती याच चिल्लरीमुळे. जतच्या बांधावर कृष्णेचं पाणी बघून म्हाताऱ्यांनी हात जोडले ते मी पाहिलं आहे. कुठल्याही विज्ञानकथेत शोभावा असा तो प्रसंग. नदी डोंगर चढून आली होती. प्रदर्शनात मात्र त्याचं मॉडेल मी एकदाही पाहिलेलं नाही.

कोयनेचीही गोष्ट तशीच. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ रिश्टरचा धक्का बसला, दोनशेच्या आसपास माणसं गेली. जलाशय १९६२ पासून भरत होता. सुमारे तीनशे कोटी टन पाण्याचं ओझं म्हणून जमीन खचली, असं पुष्कळांना वाटतं. ओझ्याचा वाटा आहे, पण भेगांमध्ये खोलवर झिरपलेल्या पाण्याचा दाब हे मुख्य कारण मानतात. आधीच ताणलेल्या खडकांची एकमेकांवरची पकड त्या दाबाने सैल होते. हे जवळून मोजायला पाटण तालुक्यात सुमारे तीन किलोमीटर खोल भोक पाडलं गेलं. सव्वा किलोमीटर काळा बेसाल्ट, त्याखाली ग्रॅनाइट. कराडजवळ त्यासाठी प्रयोगशाळा आहे. पृथ्वीच्या पोटात शिरणाऱ्या यंत्रांच्या गोष्टी पोरं डोळे विस्फारून ऐकतात. माणसाने पाडलेलं सगळ्यात खोल भोक रशियातलं, १२ किलोमीटर २६२ मीटर. केंद्र ६३७१ किलोमीटरवर. पाचशेव्या हिश्श्यापर्यंतच पोचलोय आपण. कराडच्या पोराला केंद्रापर्यंतची गोष्ट ठाऊक असते आणि शेजारच्या पाटणातलं भोक ठाऊक नसतं. दोष गोष्टीचा नाही. शाळेची सहल अजून प्रतापगड आणि सज्जनगडाच्या पुढे सरकत नाही.

हिशोब न विचारण्याची किंमत फक्त प्रदर्शनातल्या चुकीच्या नंबराएवढीच असती तर मी हे लिहिलं नसतं. आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त गृहस्थांनी फंडातले पैसे ‘राइस पुलर’ला घातले. वीज पडलेलं तांब्याचं जुनं भांडं, त्यात म्हणे इरिडियम तयार होतं, ते तांदूळ ओढतं आणि अंतराळ संशोधनवाले त्याला कोट्यवधी देतात. आधी तेवढं ‘टेस्टिंग’चं भरा, किरणांपासून वाचवणाऱ्या पोशाखाचं भरा. त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी तांदूळ सरकताना पाहिला होता. या खेळात तांदळाच्या दाण्यात लोखंडाची कणी बसवलेली असते. इरिडियम हा साधा, खरा धातू आहे, गाड्यांच्या महागड्या स्पार्क प्लगच्या टोकाला असतो. तो वीज पडून तयार होत नाही आणि तांदूळ ओढत नाही. हे गृहस्थ अडाणी नव्हते; व्याजाचा हिशोब तोंडी करायचे. पण ‘अंतराळ’, ‘रेडिएशन’ हे शब्द आले आणि त्यांनी बोटांवर मोजायचं थांबवलं. पुठ्ठ्यावरच्या ‘भविष्यातील’ शब्दाचीच ही पोक्त आवृत्ती.

तिसऱ्या प्रतिक्रियेबद्दलही दोन शब्द, नाहीतर कुणाला वाटेल मी ती शिताफीने टाळली. ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथातल्या विमानांची चर्चा दर दोन-चार वर्षांनी उसळते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच जणांनी १९७४ मध्येच त्याचा अभ्यास केला. हसण्यावारी न नेता त्यातल्या आकृत्या घेतल्या, वजन, आकार, उड्डाणाचं गणित तपासलं, भाषेवरून ग्रंथाचा काळ पाहिला. निष्कर्ष: ग्रंथ विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आणि ती विमानं उडू शकत नाहीत. मला त्या निष्कर्षापेक्षा त्यांनी घेतलेले कष्ट मोठे वाटतात. परंपरेला इतक्या गांभीर्याने वागवणारा तिचा एकही अभिमानी मला भेटलेला नाही.

मराठीत तर निमित्तही शोधायला नको. जयंत नारळीकरांनी १९७४ साली टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत पहिली कथा पाठवली आणि बक्षीस मिळवलं. कोल्हापुरात जन्मलेला हा माणूस दिवसा विश्वाची समीकरणं सोडवायचा आणि त्याच हाताने गोष्ट लिहायचा. त्यांना दोन हात लागले नाहीत, मग शाळांनी कल्पना मराठीच्या तासाला आणि गणित गणिताच्या तासाला अशी वाटणी का करावी?

माझी मागणी बारकी आहे. त्या प्रदर्शनाच्या गुणपत्रकात सजावटीला, सादरीकरणाला, नावीन्याला रकाने होते. त्यात हिशोबाचा एक रकाना घाला आणि त्याला सगळ्यात जास्त गुण ठेवा. उपकरणाशेजारी वहीचं एक पान: आत काय आणि किती जातं, बाहेर काय आणि किती येतं, कमी पडलेलं कुठे गेलं. मुलांना झेपणार नाही म्हणाल तर नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात दुसराच धडा ‘कार्य आणि ऊर्जा’ आहे. शिक्षकांना वेळ नाही, हा आक्षेप मात्र खरा आहे. सर्वेक्षणं, पोर्टलं, फोटो अपलोड यातून मास्तर सुटला तर ना! पण म्हणूनच तर पालक बाजारातून तयार मॉडेल आणतात, आणि तयार मॉडेलसोबत वहीचं पान मिळत नाही. रकाना आला की दुकानदारीला थोडा चाप बसेल.

आणि पाण्यावरची गाडी करू नका, असं मी त्या पोराला कधीच म्हणणार नाही. तीच करावी, फक्त पुठ्ठ्यावर लिहावं: ‘चार युनिट घातले, एक मिळाला. तीन कुठे गेले?’ अशा गाडीला मी पहिला नंबर भांडून मिळवून देईन.

मुख्याध्यापकांचा परवा फोन आला होता. यंदाही परीक्षक म्हणून याल ना, आठवीतल्या एका मुलीने टाइम मशीन केलंय, म्हणाले. येते म्हटलं. तिला मी विचारणार आहे, किती सेकंदांचं? मोबाइलला रस्ता दाखवणाऱ्या उपग्रहांवरची घड्याळं आपल्या घड्याळांच्या रोज ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात. उंचावर गुरुत्वाकर्षण कमी म्हणून ४५ पुढे, वेगामुळे ७ मागे. आइनस्टाइनचं गणित लावून ती दुरुस्त केली नाहीत तर तेवढ्या वेळात प्रकाश अकरा किलोमीटर जातो, म्हणजे एका दिवसात सांगलीत उभा असलेला माणूस नकाशावर मिरजेच्याही पुढे गेलेला दिसेल. शंभर वर्षं किंवा महाभारताचा काळ असं उत्तर आलं तर मी तिच्यासोबत बाकावर बसून पेन्सिल काढेन. अडतीस मायक्रोसेकंद असं आलं, तर मुख्याध्यापकांनी काहीही म्हणोत, सजावटीचे गुण मी बघणारसुद्धा नाही.